डॉलरमागे अर्धा सेंट

मार्लो, टॅनर काउंटी, मिझुरी
९ मे

प्रिय कॉरीन,

तू तुल्साला गेल्यापासून दर नाताळला तुझं कार्ड येतं आणि मीही तुला एक पाठवते. दोघीही हवापाण्याचं लिहितो, तुझी मुलगी आणि नातवंडं मजेत आहेत एवढं कळतं, आणि संपतं. शाळेच्या बँडमध्ये एकाच बाकावर बसून क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दोन बायकांनी चार ओळींत भागवावं, हे काही शोभत नाही. म्हणून आज दुकान पाचला बंद केलं, कॉफी केली, आणि गल्ल्याशेजारच्या टेबलावरच लिहायला बसले आहे. तुल्सात तुला इकडचं वर्तमानपत्र मिळत नसणार, तेव्हा मोठी बातमी आधी सांगते. विक्रीकर मंजूर झाला. डॉलरमागे अर्धा सेंट, आठ वर्षांसाठी, आणि त्यातला प्रत्येक सेंट फक्त काउंटीच्या रस्त्यांवर आणि पुलांवर खर्च करायचा. दोनशे सहा मतांनी जिंकलो.

'जिंकलो' हा शब्द वाचून तू चष्मा काढून पुसला असशील. हो, मीच लिहिते आहे, व्हर्ना क्रॅडॉक. सहा वर्षांपूर्वी हाच कर मतदानाला आला होता तेव्हा माझ्या दुकानाच्या काचेवर मी स्वतःच्या हातानं रंगवलेला बोर्ड होता: 'आणखी कर नको. मार्लोची दुकानं वाचवा.' वडिलांच्या वेळेपासून या दुकानात खिळे, कुंपणाची तार आणि कोंबड्यांचं खाद्य विकतो आहोत. काउंटीच्या हद्दीपलीकडं ते मोठं दुकान झालं, आणि मला वाटायचं, आता इथं कर वाढला तर उरलीसुरली गिऱ्हाइकंही तिकडं जातील. मी खोटं बोलत नव्हते, खरंच घाबरले होते. तो कर एकतीस मतांनी पडला. एकतीस मतं म्हणजे रविवारी आपल्या चर्चच्या मागच्या चार बाकांवर बसणारी माणसं.

पुढचं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. काउंटीनं आधी सँड फोर्क नदीवरच्या पुलावर जड गाड्यांना बंदी घातली. मग वसंतात पूर आला, खांब उघडे पडले, आणि पूलच बंद केला. दुरुस्तीला पैसे नव्हते. डांबर जिथं फाटलं होतं तिथं ते उकरून काढलं आणि खडी पसरली, कारण खडी स्वस्त पडते. आपण लहान असताना ज्या रस्त्यांवर पहिल्यांदा डांबर पडलं म्हणून लोक सायकली घेऊन धावले होते, तेच रस्ते पुन्हा धुळीचे झाले. आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, सकाळी साडेसातला, तुझ्या वेंडलच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सला चौदा मैलांचा वळसा पडला, कारण पूल बंद आणि तुमचं घर पलीकडं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पोचली असती तरी वाचला असता का, सांगता येत नाही. कॉरीन, त्या वाक्यातल्या 'सांगता येत नाही' वर मी किती वर्षं टेकून बसले, ते तुला कसं सांगू.

दफनाच्या दिवशी मी ॲपल पाय घेऊन आले होते. तू दारात उभी होतीस. माझा हात धरलास आणि म्हणालीस, "व्हर्ना, आलीस, बरं वाटलं. जाताना हळू चालव, रस्ता खराब आहे." बस. टोमणा नव्हता तो, तुझ्या स्वभावात टोमणा नाहीच. पण घरी जाईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मला तुझे शब्द ऐकू येत होते. मग तू गुरं विकलीस, घराला कुलूप लावलंस आणि मुलीकडं गेलीस. माझा निरोप घ्यायला तू दुकानात आलीस तेव्हा मी मुद्दाम मागच्या गोदामात एका गिऱ्हाइकाला खताची पोती दाखवत बसले होते. तू थोडा वेळ थांबून गेलीस. मला माहीत होतं तू थांबली आहेस.

मी एका दिवसात बदलले असं समजू नकोस. मी हट्टी बाई आहे. दोन वर्षं गेली. एक दिवस लायल हफमन आला. तो आता काउंटीचा कमिशनर आहे, पण अजूनही रस्ते सपाट करणाऱ्या ग्रेडरचे बोल्ट स्वतःच घ्यायला येतो. म्हणाला, "व्हर्ना, तीन ग्रेडर आहेत, चालवायला दोन माणसं आहेत आणि चालणारा ग्रेडर एक आहे. सहाशे मैल रस्ता आहे. आता तूच गणित सांग." मी गणित सांगितलं नाही. मी विचारलं, "कर परत मतदानाला आणलास तर?" तो बोल्ट मोजायचा थांबला. म्हणाला, "पहिला बोर्ड तुझ्याच काचेवर लागेल ना गं?" मी म्हटलं, "लागेल. पण या वेळी मजकूर वेगळा असेल." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याला बोल्ट फुकट दिले.

मग जी धावपळ सुरू झाली ती काय सांगू! आम्ही सात जणांची समिती केली आणि मला अध्यक्ष केलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मी अट घातली, की पैसा वेगळ्या खात्यात राहील, कुठला रस्ता कधी होणार ती यादी आधी छापायची, आणि आठ वर्षांनी कर आपोआप संपेल, पुन्हा हवा असेल तर पुन्हा लोकांसमोर यायचं. लायल कुरकुरला, पण त्यानं मान्य केलं. जानेवारीपासून दर शनिवारी मी दुकान पुतणीवर सोपवून घरोघर जायला लागले. माझ्या गाडीचा सायलेन्सर दोनदा पडला. दुसऱ्यांदा तो हातात घेऊनच एका दारावर गेले. त्या बाईंनी माझं भाषण न ऐकताच सांगितलं, "होकार लिहून घ्या."

सगळीकडं असं झालं नाही. बर्ल स्टॅमीला तू विसरली नसशील. आता ब्याऐंशी वर्षांचा आहे, कान अधू झालेत, जीभ होती तशीच. त्याच्या व्हरांड्यात गेले तर त्यानं मला बसही म्हटलं नाही. "व्हर्ना, मागच्या वेळी तुझ्याच काचेवरचं वाचून मी 'नाही' म्हणून आलो. आता तूच 'हो' म्हणायला सांगतेस? तुझं डोकं तेव्हा फिरलं होतं की आता फिरलंय, एवढं सांग म्हणजे झालं." मी म्हटलं, "तेव्हा." तो म्हणाला, "मोठ्यानं बोल." मी ओरडले, "तेव्हा चुकले मी, बर्ल!" रस्त्यापलीकडं कुत्रा भुंकायला लागला. बर्लनं पायानं एक खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाला, "माझ्या आयुष्यात एखाद्या क्रॅडॉकनं 'चुकले' म्हटलेलं पहिल्यांदा ऐकतोय. बस जरा."

मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. शेल्बी नावाची एक मुलगी उभी राहिली, अंड्यांच्या कारखान्यात काम करते, कडेवर तान्हं बाळ. म्हणाली, "मिस व्हर्ना, तुमच्याकडं तार घेणाऱ्या शेतकऱ्याला अर्धा सेंट काहीच नाही. पण मी दूध आणि डायपर घेते तेव्हाही तो द्यावाच लागतो. ज्याच्याकडं कमी आहे त्याच्याच खिशाला हा जास्त लागतो. हे तुमच्या पत्रकात का नाही लिहिलं?" लायल माझ्याकडं पाहायला लागला. माझ्याकडं तयार उत्तर होतं, की तळ्यावर मासे धरायला येणारे पाहुणेही हा कर भरतील, आणि खड्ड्यांनी टायर फुटतात त्याचा खर्च याहून मोठा आहे. ते मी सांगितलंच, आणि ते खरंही आहे. पण आधी म्हटलं, "तू बरोबर बोलतेस. आम्ही ते लिहायला हवं होतं." पुढच्या पत्रकात आम्ही ते लिहिलं. समितीतले दोघं चिडले, म्हणाले, विरोधकांच्या हातात काठी दिलीस. शेल्बीला नंतर मी कारखान्याच्या फाटकाशी गाठलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "वर्षात दोन टायर गेलेत माझे. पण 'हो' म्हणणार की 'नाही', ते तुम्हाला सांगणार नाही." आजपर्यंत सांगितलेलं नाही. दुकानात येते, बाळाला माझ्या हातात देते आणि खिळे निवडते.

मतदान एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होतं. सातला केंद्रं बंद झाली आणि आम्ही कोर्टाच्या इमारतीत जमलो. क्लार्कबाई एकेका केंद्राचा आकडा फळ्यावर लिहीत होत्या. मार्लो गावात आम्ही पुढं होतो, पण तळ्याकडच्या दोन केंद्रांनी आम्हाला मागं ओढलं. शेवटचा आकडा तुमच्या बाजूचा, सँड फोर्कच्या पलीकडचा. तिथं कर नको म्हणणारे नेहमीच जास्त असायचे, तू आणि वेंडल तिथं एकटे पडायचात. कॉरीन, या वेळी त्या केंद्रानं दहातल्या आठांनी 'हो' म्हटलं. पाच वर्षं वळसा घालून दमलेली माणसं ती. लायलनं टोपी काढून डोळ्यांवर धरली. बर्ल काठी टेकत माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पहिला खड्डा माझ्या फाटकासमोरचा. नाहीतर मत परत घेईन."

त्याचा खड्डा यादीत एकोणिसावा आहे. पहिलं नाव सँड फोर्कच्या पुलाचं आहे. गेल्या आठवड्यात पुलासाठी मोजमापं घेणारी माणसं आली. मी दुपारी गाडी घेऊन बघायला गेले. नारिंगी जाकिटं घालून ती पाण्यात उतरली होती, दोघं जण दोरी ताणून धरून होते आणि तिसरा आकडे ओरडत होता. पलीकडच्या काठावर तुमचं कुंपण दिसलं. एक बाजू पडली आहे, पण घराचं छप्पर ठीक आहे. तुझ्या पीचच्या तीनही झाडांना फळं धरली आहेत, हिरवी आणि अक्रोडाएवढी. नवा पूल जुन्यापेक्षा चार फूट उंच होणार, दोन गाड्या एका वेळी जातील एवढा रुंद. ऑगस्टमध्ये लोखंडी तुळया येतील आणि नोव्हेंबरपर्यंत रहदारी सुरू होईल, असं लायल म्हणतो. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी आत्ताच हिशेब केलाय, गावातून तुमच्या दारापर्यंत अकरा मिनिटं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चार पानं रस्त्यांबद्दल लिहिली, कारण हे लिहायचं धैर्य होत नव्हतं. परवा समितीत लायलनं ठराव मांडला, की पुलाला वेंडलचं नाव द्यावं, आणि उद्घाटनाला तुला बोलवावं, माझ्या शेजारी उभं करावं. सगळ्यांनी हात वर केले. येत्या गुरुवारी तो तुला फोन करणार आहे. तू चांगली बाई आहेस, तू लगेच 'हो' म्हणशील. पण त्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. वेंडलनं ती तुला सांगितली नसावी, नाहीतर त्या दिवशी दारात तू माझा हात धरला नसतास. पहिल्या मतदानाच्या आठवडाभर आधी तो दुकानात आला होता, फाटकाची कडी घ्यायला. पैसे देताना काचेकडं बोट करून म्हणाला, "व्हर्ना, तो बोर्ड काढ गं. त्या पुलाचं काही खरं नाही, आणि आम्ही पलीकडं राहतो." मी हसले. म्हटलं, "मग पोहायला शीक, वेंडल." तोही हसला, कडी खिशात टाकली आणि गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. कॉरीन, माझं चुकलं. मला माफ कर, असं मी तुला आजवर कधी म्हटलं नाही, आज म्हणते आहे. गुरुवारी लायलला काय सांगायचं ते तू ठरव. वेंडलच्या नावाला 'हो' म्हण आणि माझ्या शेजारी उभं राहायला 'नाही' म्हण, तरी चालेल, मी गर्दीत मागं उभी राहीन. एवढंच की तू ये, आणि त्या पुलावरून पलीकडं जाणारी पहिली गाडी तुझी असू दे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि उत्तर आलं नाही तरी तुझीच,
व्हर्ना