खोट्या रंगाचा फोटो

आई,

नुकत्याच जन्मलेल्या नातीचे पांढरे केस बघून तू सुनेच्या माहेराला नावं ठेवलीस आणि धाकट्याकडे निघून गेलीस. पुढे मी "औषधानं रंग आला" म्हणून फोटो पाठवला, तो खोटा होता. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग फोटोत पुसून माझा हात बसलेला. स्टुडिओत बसून मीच तिला सावळी केली, केस काळे केले.

गेल्या आठवड्यात पोरीला त्या फोटोची प्रत सापडली. अगदी डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "बाबा, ही कोण?"

मग तिच्याजवळ सगळं कबूल केलं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, यात दोष कुणाचाच नाही. रंग न बनवणारं जनुक आईबाप दोघांकडून एकेक आलं, तरच असं मूल होतं. म्हणजे अर्धं आपल्याच घराचं, आई! आणि मी मूग गिळून बसलो होतो.

पोरगी म्हणाली, "मग आता माझा खरा काढा. चांगला मोठा." काढला. काहीही पुसलं नाही. स्टुडिओच्या काचेत तोच लावलाय. लोक थबकतात आणि मी छाती फुगवून उभा राहतो.

हे पत्र टाकत नाही. रविवारी तिलाच घेऊन येतो. दारात तू विचारशील, "ही कोण?" या वेळी माझं उत्तर तयार आहे: आपलीच.

तुझा थोरला