नव्या वर्षाचं कार्ड

करुणाताई,

तुले अन् दाजीले बंगळुरूहून तुह्या धाकट्या भावाचा प्रभू येशूत सलाम.

माही तब्येत चांगली आहे. सेमिनरीच्या मेसमधला भात आता अंगी लागून राह्यला. मायचे गुडघे कसे आहेत? धाड गावच्या बाजारात तिले एकटी जाऊ देऊ नको.

माय फोनवर म्हणे, दाजीनं लेकरू दत्तक घ्यायचा फॉर्म आणला अन् तू फाडला. तू म्हणली, देवानं मले कार्डावर लेकराचं वचन देलं आहे.

ताई, ते कार्ड देवानं नाही, मी देलं. तीन वर्षांपूर्वी एक जानेवारीच्या उपासनेले मीच चर्चच्या दारात बायबलातल्या वचनाचे कार्ड पालथे वाटत होतो. ज्याले जे कार्ड येईल, ते देवानं त्याले त्या वर्षासाठी देलेलं वचन, असं आपण सारे मानतो. तुहा नंबर आला तवा वरचं कार्ड मी खिशात टाकलं, अन् देवानं वांझ बाईले देलेलं लेकरांचं वचन, जे मी आधीच निवडून ठेवलं होतं, ते तुह्या हातात ठेवलं. तू तिथंच रडली. मले वाटलं, मी लय चांगलं काम केलं.

इथं सेमिनरीत बायबल शिकवणारे आमचे सर सांगतात, वचनातली ती वांझ बाई म्हणजे आपली मंडळी, देवाचे सारे लोक. देव तिले तंबू मोठा करायले सांगते, कारण तिनं जन्म न देलेले लेकरं तिच्या घरी येणार आहेत. हे वाचलं तवा तो फाडलेला फॉर्मच डोळ्यापुढं आला. पण आता मी सांगतलेला अर्थ तू काऊन मानशील?

त्या दिवशी तुह्या वाट्याले आलेलं खरं कार्ड सोबत पाठवून राह्यलो. इतके दिवस माह्या बायबलात होतं. उलटून पाहाची माही हिंमत झाली नाही.

तुह्यापुढं मान खाली घातलेला,
योएल