बाबांनी रंगवलेली सापशिडी

बाबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी सांगायचं ते हे, की मी आता मोबाइलवरचे खेळ तयार करते. वयात येणाऱ्या पोरापोरींना शरीराची नीट माहिती देणारे. ऑफिसातली तरुण मंडळी विचारतात, ही कल्पना कुठून आली? मी सरळ सांगते, नागपूरच्या एका पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडून उचलली.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. आई कधीच गेली होती, घर आत्या सांभाळायची. तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती. मग इतवारीतल्या कुठल्याशा दुकानाच्या पाटीतून उरलेल्या प्लायवूडवर तुम्ही सापशिडी रंगवलीत. घराघरात मजकूर, तोही पाटीसारखा ठसठशीत: छाती दुखते, घाबरू नये. पाळी येते, तो आजार नाही. मी फासा टाकते आहे, तुम्ही मान खाली घालून सोंगट्या सरकवता आहात, कान लाल झालेले. एका घरात मात्र ‘कावळा शिवला, बाहेर बसा’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे बसवतातच, म्हणून तुम्हीही पटावर बसवलंत. माझी सोंगटी नेमकी तिथे आली. ‘काहून, बाबा? मी काय केलं?’ तुम्ही टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ते घर पुसून टाकलंत.

खरी पाळी आली ती वार्षिक परीक्षेत, गणिताच्या पेपरच्या सकाळी. आत्याने माझं ताट मागच्या पडवीत ठेवलं. ‘आज शाळा नाही. कावळा शिवला तिले.’ पेपर बुडला की वर्ष जाणार आणि वर्ष गेलं की शाळा सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही माझ्याजवळ मांडी घातलीत आणि माझ्याच ताटातली भाकर मोडलीत.

‘तू काहून शिवला गा तिले?’ आत्या कळवळली.

‘आता मीही बाहेरचाच, ताई. मले कामावर जायचं आहे, तिले पेपरले. दोघंही जातो.’

आत्या पुटपुटत राहिली, आपण सायकलवर निघालो. त्या दिवशी तुमचा जो अभिमान वाटला, तो अजून ओसरलेला नाही. मी पुढे शिकले ती त्या सकाळमुळेच.

पत्र कुठे टाकणार, कपाटातच राहील. म्हणून एक कबूल करते. परवा नातवाला आमचा खेळ लावून दिला. पहिल्याच पायरीवर त्याने विचारलं, ‘आजी, पाळी म्हणजे काय?’ मी दूध उतू जाईल म्हणत उठून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काहीच नव्हतं.