दोन चुली आणि एक वर्गमूळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवे ब्रेल छपाईयंत्र आले आणि मुके निघाले! जुने गेल्या महिन्यात कायमचे बसले, म्हणून सगळी भिस्त याच्यावर. संगणकाचे म्हणणे असे की, हे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ड्रायव्हरला, एका लायब्ररीची तिसरी आवृत्ती लागते आणि आपल्याकडे दुसरी आहे. (ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचे सामायिक सामान.)

अंध मुलींच्या शाळेतल्या अकरा जणींचे गणिताचे पुस्तक छापायचे आहे. तीन खंड. शुक्रवारी, चौदा तारखेला, रवाना झालेच पाहिजे; मार्चअखेर त्यांची परीक्षा आहे. व्यवस्थापक सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “तुम्ही लिनक्सचा अभ्यासक्रम केलाय ना?” मी ‘हो’ म्हणाले. खरे म्हणजे अभ्यासक्रमात मी पहिली आले होते, परंतु तिथे काहीही बिघडलेले नसायचे.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिसरी आवृत्ती घातली. यंत्र बोलले! सुतारपक्ष्यांचा थवा एकाच झाडावर बसावा तसा आवाज. सर चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि चक्क हसले.

दुपारी तपासणीला बसलो. तपासनीस काकू जन्मापासून अंध आहेत. मी छापील पुस्तक मोठ्याने वाचायचे, त्यांनी ब्रेलवरून बोट फिरवायचे, जुळले नाही की ‘थांब’ म्हणायचे – पाच महिने आमचा हाच रिवाज आहे. शाळेत बाई म्हणत, तुझा आवाज पहिल्या बाकालाही पोहोचत नाही. काकूंना तो पुरतो.

मी वाचले, “एक्क्याऐंशीचे वर्गमूळ.”

“थांब. इथे नुसतं एक्क्याऐंशी आहे.”

पुढचे पान, तेच. त्याच्या पुढचे, तेच. संपूर्ण पुस्तकातून वर्गमूळ नाहीसे! काकू म्हणाल्या, “मुळासकट गेलं की गं.” मजकुराचे ब्रेल करणारा जुना प्रोग्रॅम लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीवरच बेतलेला आहे, तिसरी आल्यावर तो गणिताची चिन्हे गिळू लागला. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कोणी काढलेलीच नाही.

दुसरी परत घातली. वर्गमूळ आले, यंत्र मुके झाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर: एकीला बोलावले की दुसरी रुसते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

दोन्ही आवृत्त्या एकत्र बसवून बघू म्हणून मी आज्ञा दिली. संगणकाने अतिशय सभ्यपणे विचारले – असे केल्यास २१४ पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमची गाठोडी, काढून टाकावी लागतील, पुढे जाऊ का? मी ‘हो’ची कळ दाबली. मला कोणी काही विचारले की मी ‘हो’च म्हणते, माणसांना म्हणते तसे यंत्रालाही म्हणाले. प्रश्न वाचला होता. आकडा वाचला होता. तरीही!

संगणक पुन्हा सुरू केला तर खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माऊसचा बाणही नाही. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. सर म्हणाले, आता बाहेरून माणूस बोलवावा लागेल, आणि तो बुधवारशिवाय येणार नाही. मी मान खाली घालून घरी आले. आईने विचारले, बरे नाही का? ‘हो’ म्हणाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काय झाले ते नीट क्रमाने लिहिले पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी पोहोचले तर काकू त्याच संगणकासमोर बसलेल्या, समोर त्यांची ठिपक्यांची पट्टी – पडद्यावरची ओळ तीवर उठते – आणि काम चाललेले! मी म्हणाले, काकू, पडदा गेलाय. त्या म्हणाल्या, “तुझा गेला असेल. माझा होता कधी?” आणि आपल्याच विनोदावर इतक्या हसल्या की पट्टी हलली. एरवी त्या खिडक्या-चित्रांच्या गर्दीतून वाट काढताना कंटाळून जातात. आता ओळीमागून ओळ, सरळ रस्ता.

संगणक केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते. काकूंनी ती फाईल उघडायला लावली. काल काढलेल्या दोनशे चौदांची नावे तिथे ओळीने होती. काकूंना संगणकाची इंग्रजी मुळाक्षरे माझ्यापेक्षा पक्की येतात. मग आमचा रिवाज उलटा झाला: त्यांनी बोटाने वाचायचे, मी वहीत टिपायचे, काय लगेच हवे आणि काय नको ते ठरवायचे. दुपारी तीनपर्यंत निम्मी पॅकेजेस परत आली होती. मधल्या सुट्टीत काकूंनी आपल्या डब्यातले अर्धे मला वाढले आणि विचारले, मोठ्याने हसतेस का कधी? आज सकाळी त्यांच्या विनोदावर मीही हसले होते ना!

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दादा म्हणाला, ऑफिस उडवून आलीस म्हणे. मी म्हणाले, अर्धे बसवूनही आले. त्याने वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिले. मी त्याला उलट उत्तर दिल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

१० फेब्रुवारी, सोमवार

खिडक्या परतल्या. मूळ भांडण मात्र जागच्या जागी. काकूंना सगळे समजावून सांगितले – यंत्र आणि जुना प्रोग्रॅम, दोघांना तेच सामान हवे, पण प्रोग्रॅमला जुने, यंत्राला नवे, आणि जागा एकच.

काकू म्हणाल्या, “आमच्या थोरल्या आणि धाकट्या जावेचं असंच होतं. सासूबाईंनी वर्षभर समजूत घातली. मग सासऱ्यांनी मागच्या खोलीत दुसरी चूल मांडली. त्या दिवसापासून दोघी सख्ख्या बहिणी.”

मी उठून उभीच राहिले. दुसरी आवृत्ती कोणी काढून टाकायला सांगितली होती? एका वेगळ्या फोल्डरात ती ठेवली आणि जुन्या प्रोग्रॅमपुरती सूचना लिहिली: तू सामान इथूनच घे. बाकी घर तिसरीवर. तीन ओळींची सूचना! सहा दिवस मी दोघींना एकाच चुलीवर बसवत होते.

छपाई सोडली. सुतारपक्षी. काकूंचे बोट त्या पानावरून सरकले, थांबले, मागे गेले.

“एक्क्याऐंशीचं वर्गमूळ,” त्या म्हणाल्या. “आलं गं, पोरी.”

मी त्यांना मिठी मारली. मी! बुधवारच्या माणसाला सरांनी नको म्हणून कळवले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाचून वाचून घसा बसला. आम्ही मूळ पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवले. तिसऱ्या खंडातली उत्तरेसुद्धा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तेहतीस खंड गेले. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

३ मार्च, सोमवार

शाळेतून गणिताच्या बाईंचा फोन: एक मुलगी हटून बसली आहे की उत्तरांत चूक आहे. काटकोन त्रिकोण, बाजू नऊ आणि चाळीस. कर्ण ४२ छापला आहे, ती म्हणते ४१. ब्रेलमध्ये एक आणि दोन यांत एकाच ठिपक्याचा फरक – माझ्या जोडकामाने एक ठिपका जास्त उठवला असणार! छापील पुस्तक उघडले, सहावी आवृत्ती. तिथेही ४२. मग कागदावर करून पाहिले: नऊचा वर्ग, चाळीसचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ‘बेचाळीस’ हे मीच काकूंना मोठ्याने वाचून दाखवले होते, आणि त्यांनी ‘जुळलं’ म्हटले होते. मुलगी बरोबर आहे. पुस्तकाच्या सहा आवृत्त्या चुकल्या.