पायांना आठ गुण

सोन्या,

मी आणि चिमी मावशीकडे जातोय. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. गोल्फची शेवटची फेरी आम्ही तिकडेच बघू. आपल्या टीव्हीसमोर बसायची आज मला किळस येते.

काल चिमीच्या लाडक्या डावखुऱ्या खेळाडूने वीस फुटांवरून चेंडू खळग्यात घातला आणि ती स्पर्धेतल्या सगळ्या बायकांच्या पुढे गेली. चिमी खाली बसून वहीत स्कोअर लिहीत होती, आणि तू मित्रांबरोबर सोफ्यावर पसरून त्या खेळाडूला दहापैकी गुण देत होतास. "पायांना आठ, तोंडाला चार," हे तुझेच शब्द. सख्खी बहीण पुढ्यात बसलीये, याची तरी चाड ठेवायचीस.

मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. पोरंच ती, म्हणत वर तुम्हाला चहाही आणून दिला. त्या चहाची मला तुझ्यापेक्षा जास्त शिसारी येते आहे.

सकाळी चिमीने विचारलं, "आई, मी खेळते तेव्हा दादाचे मित्र मलाही गुण देतात का?" याचं उत्तर तू विचार करून ठेव.

परवा तिची गोल्फची स्पर्धा आहे. दर वेळी तिची बॅग खांद्यावर घेऊन तू मैदानभर तिच्यामागे चालतोस. या वेळी मी चालणार आहे. माझी पाठ दुखते हे तुला माहीत आहे, तरी येऊ नकोस. हे तिने सांगितलंय, मी नाही.

आई