चौथी बाजू मोकळी

सूनबाई,

तुझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तुझ्या जागी तिबेटसाठीच्या पदयात्रेला मी निघालोय. का, ते विचारू नकोस. माझंच डोकं चालेनासं झालंय.

तुझा तिबेटचा झेंडा शिलाई मशीनवर दिसला. पिवळी पट्टी तीनच बाजूंना. वाटलं, पाय मोडल्यामुळे काम अर्धवट राहिलं असेल. मी पडलो शिंपी, मला बघवतंय होय? चौथ्या बाजूलाही पट्टी मारून टाकली.

सकाळी तुझे वडील झेंडा न्यायला आले आणि हसायलाच लागले. म्हणाले, "व्याही, ती बाजू मुद्दाम मोकळी ठेवतात. दुसऱ्यांच्या विचारांना आत यायला वाट नको?"

लग्नात मी त्यांना साधं पाणी विचारलं नव्हतं, आणि ते मला व्याही म्हणतात! तोंडातून निघून गेलं, "थांबा, मीपण येतो."

चौथ्या बाजूची पट्टी उसवली आहे. कुबडी तुझ्या खाटेशी ठेवलीय, दुकानाची किल्ली घड्याळामागे आहे. तुमचा देश कुठल्या दिशेला, तेसुद्धा मला ठाऊक नाही. सगळे वळतील तिकडे वळेन.

वाटेत कुणी विचारलं, तुमचं यांच्याशी नातं काय, तर सांगेन, यांची लेक आमच्या घरात आहे. एवढं तरी बरोबर आहे ना?