एकाला मारायलाच हवं

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. उद्या आत्मचरित्राची मागणी झाली तर तपशील हाताशी हवेत. सध्या: आमच्या सिरीयलमध्ये पोलिसातले दोन डिटेक्टिव्ह. देखणा, करारी रणधीर म्हणजे मी. सदा खात बसलेला मालवणी बबन म्हणजे चंद्रप्रकाश. लोक सिरीयल माझ्यासाठी बघतात. हसतात मात्र त्याला.

६ फेब्रुवारी
संकल्प: चंद्रप्रकाशशी भांडायचं नाही.
दुपारी भांडलो. माझ्या क्लोजअपमध्ये मागे बसून भजी खात होता. युनिट हसलं. बबनाक भूक लागता, मी काय करू, म्हणाला.

११ फेब्रुवारी
टीआरपी घसरला. रायटर गार्गी टेन्शनमध्ये. तिला कटिंग पाजून आयडिया दिली: दोघांपैकी एकाला मार. दुसरा सुडाने पेटेल. घराघरात रडारड. कोणाला मारू, तिने विचारलं. मी नाव घेतलं नाही. असलं राजकारण मला जमत नाही. ज्याच्या जाण्याने कमी नुकसान होईल त्याला, एवढंच म्हणालो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं तिला.

१४ फेब्रुवारी
चंद्रप्रकाशची दया येते. मुलुंडला नवा फ्लॅट, मुलगी बारावीला. आज डब्यातली सुरमई त्याला दिली. शेवटी आपण माणूस आहोत.

१७ फेब्रुवारी
आर्ट डिपार्टमेंटच्या विकीने फोटोसाठी बोलावलं. फक्त मला. युनिफॉर्म, मागे साधा पडदा, समोर बघा, हलकंसं हसा. गॉगल नको, पिस्तूल नको, नुसता चेहरा पुरे म्हणाला. पोस्टर नक्की. अंधेरी मेट्रोखाली लावतील. बायकोला सांगितलं. चेतना म्हणाली, नीट विचारलंस का कशासाठी ते. हिला माझं यश कधी बघवलंच नाही.

१९ फेब्रुवारी
स्क्रिप्ट आलं. टायपिंगची चूक वाटली. गार्गी म्हणाली, चूक नाही रे, तुझीच आयडिया ना.
बॉडी सापडू नये, म्हणजे परत येता येईल, असं सुचवलं. बॉडी लागेल म्हणाली, चंद्रप्रकाशला रडायला.

२१ फेब्रुवारी
मेलो. शेवटचं भाषण भांडून मिळवलं. मी बोलत होतो, कॅमेरा चंद्रप्रकाशवर होता. तो खरंच रडला. युनिटही रडलं. मी श्वास अप्रतिम रोखला होता, कोणी बघितलं नाही.

२५ फेब्रुवारी
एपिसोड लागला. माझा फोटो पोलीस स्टेशनच्या भिंतीवर, हार घालून. चेतना रडायला लागली. खांद्यावर हात ठेवला, मी आहे ना, म्हटलं. ती म्हणाली, बिचारा चंद्रप्रकाश, एकटा पडला.
टीआरपी वाढणार म्हणतात. पण आता मी प्रत्येक एपिसोडमध्ये आहे, तेही मधोमध. वाईट नाही.

७ मार्च
प्रोडक्शनचा फोन. डेट्स मोकळ्या आहेत, मी आधीच सांगून टाकलं. डेट्स नकोत म्हणाले. सोमवारपासून बबनचा नवा पार्टनर येतोय, भिंत मोकळी हवी. फोटो नेता का, नाहीतर फ्रेम दुसऱ्या मयताला लावू.
गोरेगावला जाऊन आणला. प्लास्टिकचा हार विकीने तसाच राहू दिला.
रिक्षावाल्याने आरशातून मला बघितलं, मग मांडीवरचा फोटो बघितला आणि गाणं बंद केलं. भाऊ होते का, म्हणाला. मी हो म्हटलं.
काय करायचे, त्याने विचारलं.
पोलिसात होते, म्हणालो.